वरचा खण

"भाऊजी, पट्ट्या उपटू नका हो. स्क्रू काढा नीट."

वहिनी दारात उभी होती, हाताला कणीक लागलेली. मी कपाट आणि भिंत यांच्यामध्ये निम्मा घुसलो होतो. एक स्क्रू गंजून बसला होता आणि पेचकस नुसताच गरागरा फिरत होता. शेवटी मी हातोडीचं मागचं टोक पट्टीखाली सारलं आणि जोर लावला. पट्टी आली, स्क्रू आला, आणि त्यांच्याबरोबर मूठभर भिंतही आली.

"निघाली," मी म्हणालो.

"निघाली कुठली, उपटलीत. आता त्या भोकात परत काय बसणार?"

"नवीन भोक पाडू. मी आहे ना."

'मी आहे ना' हे त्या काळातलं माझं आवडतं वाक्य होतं. चोवीस वर्षांचा होतो, मिरजेतल्याच एका शाळेत चित्रकलेचा मास्तर म्हणून नुकताच चिकटलो होतो, आणि घरात शेंडेफळ. दादा माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा. वडील गेल्यावर घर त्यानंच ओढलं, त्यामुळे मला काही ओढावं लागलं नव्हतं. वहिनीचं नाव मंजिरी. ती घरात आली तेव्हा मी कॉलेजात होतो. माझ्या डब्यात लपवून बेसनाचा लाडू घालणारी, मी नापास झालो तेव्हा आईपासून आठवडाभर निकाल दडवणारी. तिला मी 'अगं वहिनी' म्हणायचो, ती मला 'अहो भाऊजी'. तिची मुलगी मनवा, सगळ्यांची मनू, तेव्हा अडीच वर्षांची होती.

ते कपाट पाच खणांचं, सागवानी. दस्तगीर मिस्त्रीनं वहिनीच्या लग्नात करून दिलेलं. मनू धरून धरून उभी राहायला लागली तेव्हा मिस्त्री आपण होऊन आला होता आणि कपाटाच्या पाठीला दोन लोखंडी पट्ट्या मारून त्यानं ते भिंतीला जखडून टाकलं होतं. आई म्हणाली होती, "अहो, एवढं जड कपाट, ते कुठं पळून जातंय?" त्यावर मिस्त्री म्हणाला होता, "जड हाय म्हणून ठाम हाय असं नसतंय, आक्का. खण वडले की समदं वजन म्होरं येतंय. पोर हाय घरात. पट्टी काडू नका." सगळ्यांनी मान डोलावली होती. मीही.

आणि आता मी ते सोडवत होतो, कारण आमच्या कॉलनीच्या महिला मंडळानं त्या वर्षी गौरीच्या सजावटीची स्पर्धा ठेवली होती.

गौरीपुढच्या पायऱ्या दर वर्षी आम्ही डबे, पाट आणि माझा ड्रॉइंग बोर्ड एकावर एक रचून करायचो. त्या डुगडुगायच्या आणि वरची साडी घसरली की खालचा तेलाचा डबा दिसायचा. त्या वर्षी मला कल्पना सुचली. कपाट हॉलमध्ये आणायचं. सगळ्यात खालचा खण पूर्ण ओढायचा, त्याच्या वरचा थोडा कमी, तिसरा अजून कमी. खणांवर फळ्या टाकायच्या, वरून पैठणी सोडायची. झाल्या पायऱ्या! वरती कपाटाच्या माथ्यावर मखर आणि मखरात गौरी. कल्पना इतकी सुरेख होती की मी स्वतःवरच खूश झालो.

वहिनी सोळा भाज्या आणायला बाजारात गेली होती तेव्हा मी रंगीत तालीम केली. पहिला खण ओढला, दुसरा ओढला. तिसरा ओढला आणि अख्खं कपाट संथपणे माझ्या अंगावर यायला लागलं. मी छाती लावून ते मागं रेटलं. आई कोपऱ्यात कापसाची वस्त्रं करत बसली होती. तिनं हात थांबवले.

"अरे, पडेल ते!"

"पडतंय कशाला? दोरीनं बांधतो."

मी कपाटाच्या पाठीला दोरी घातली, खिडकीच्या गजाला आवळली, आणि खालच्या खणात स्वतः उभा राहून दाखवलं. "बघ. आता हत्ती चढला तरी हलणार नाही."

"माझं बाळ कसलं हुशार," आई म्हणाली आणि पुन्हा कापूस ओढायला लागली.

गौरी आल्या त्या दिवशी मला आणखी एक कल्पना सुचली. दारापासून मखरापर्यंत पावलं काढायची असतातच. ती रांगोळीची कशाला, खरीच काढू. परातीत कुंकवाचं पाणी केलं, मनूला त्यात उभं केलं आणि तिचे दोन्ही हात धरून तिला दारातून चालवत आणलं. मागं लालचुटूक इवली पावलं उमटत गेली. पायऱ्यांवर पैठणीऐवजी मी पांढरी चादर घातली होती, पावलं उठून दिसावीत म्हणून. मनूनं खालच्या पायरीवर पाय ठेवला, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. तिसऱ्या पायरीवरून मी तिला उचलून वर, थेट मखरापाशी धरलं.

"आली गं, गौर आली!" आई म्हणाली आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"पुन्ना," मनू म्हणाली. "काका, पुन्ना."

पुन्हा केलं. पावलं ठळक उमटावीत म्हणून तशीही मला दोन-तीन फेऱ्या हव्या होत्याच. नंतर परीक्षक बायका आल्या तेव्हा एकदा करून दाखवलं, त्यांच्या मैत्रिणी आल्या तेव्हा एकदा. तीन दिवसांत किती वेळा तिला त्या खणांवर चढवलं, कुणास ठाऊक. पहिला नंबर आला. बक्षीस म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं आणि मी कॉलनीतून चार दिवस मान ताठ करून हिंडलो.

गौरी गेल्या. दादानं आणि मी कपाट परत बेडरूममध्ये नेऊन भिंतीशी टेकवलं.

"पट्ट्या?" दादानं विचारलं.

"जुनी भोकं मोठी झालीत. नवी पाडावी लागतील. उद्या मिस्त्रीकडून ड्रिल आणतो."

तो उद्या आठ दिवस चालला. वहिनीनं एकदा आठवण केली, दुसऱ्यांदा केली. तिसऱ्यांदा नुसतं माझ्याकडं पाहिलं आणि म्हणाली, "अहो, तुमचं ते 'मी आहे ना' कुठं गेलं?" मी ओशाळून ड्रिल आणलं. पण तोवर पितृपक्ष लागला होता आणि भिंतीला टोक लावल्याबरोबर आई स्वयंपाकघरातून बाहेर आली.

"पक्ष चालू आहे. पंधरवड्यात घराला भोकं पाडायची नाहीत."

"आई, नवीन काही करत नाही," वहिनी म्हणाली. "होत्या त्याच पट्ट्या परत लावायच्यात."

"भोक नवीनच ना? घटस्थापनेला पाडा काय पाडायची ती. दहा-बारा दिवसांत काही होत नाही."

वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. मी एक शब्द बोललो असतो तर आईनं ऐकलं असतं. माझं ती सगळंच ऐकायची. पण टीव्हीवर मॅच होती. मी ड्रिल माळ्यावर टाकलं आणि खरं सांगायचं तर बरंच वाटलं.

षष्ठीला वडिलांचं श्राद्ध. मी शाळेतून रजा काढली होती. वहिनीनं पहाटे न्हाऊन वरच्या खणातली सोवळ्याची साडी काढली आणि ती जी स्वयंपाकघरात शिरली ती बाहेर आलीच नाही. खीर, वडे, आमसुलाची चटणी, सगळं तिच्या एकटीच्या हातचं हवं, असा आईचा दंडक. मनूला सर्दी होती. अकराच्या सुमारास दादानं तिला थोपटून बेडरूममध्ये झोपवलं. बाहेर गुरुजी येऊन बसले होते. मी पानं मांडत होतो. आत मिक्सरवर वड्यांची डाळ फिरत होती.

आवाज काही फार मोठा झाला नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी पोतं टाकलं असेल, असं मला वाटलं. दादाला तसं वाटलं नसावं. तो पळाला, म्हणून मी पळालो.

कपाट पालथं पडलं होतं. आम्ही दोघांनी एका दमात ते उभं केलं. दादानं मनूला उचललं आणि तसाच अनवाणी जिना उतरत गेला. त्याच्या खांद्यावर तिची मान ज्या पद्धतीनं पडली होती ती मी पाहिली. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

मी कपाट धरून एकटाच उभा राहिलो. आणि मग मला खण दिसले. वरचे दोन घट्ट बंद होते. दस्तगीरचं काम ते, रेटून लावला की खण आपोआप उघडत नसे. खालचे तीन मात्र बाहेर आले होते. सगळ्यात खालचा पूर्ण, त्याच्या वरचा थोडा कमी, तिसरा अजून कमी. अडीच वर्षांच्या पोरीनं एकटीनं, झोपेतून उठून, तिच्या काकानं मांडल्या होत्या तशा पायऱ्या मांडल्या होत्या.

मी तिन्ही खण पायानं आत ढकलले. एक, दोन, तीन. विचार केला असं म्हणवत नाही. पण पाय तर माझेच होते. वळलो तर दारात आई उभी होती. ती माझ्याकडं बघत होती, मग कपाटाकडं, मग परत माझ्याकडं.

तिच्यामागून वहिनी आली, दोन्ही हातांना वाटलेली डाळ.

"काय पडलं?" तिनं विचारलं. "मनू कुठंय?"

तिसऱ्या दिवशी घरात बायका बसल्या होत्या. वहिनी भिंतीला टेकून, डोळे कोरडे. कुणीतरी हळूच विचारलं, "पण एवढं जड कपाट पडलंच कसं?"

"सकाळी हिनं वरच्या खणातनं साडी काढली," आई म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो खोटा नव्हता; तिचीही नातच गेली होती. "घाईत खण उघडाच राहिला असेल. पोर लोंबकळली त्याला."

वहिनीनं मान वर केली. "मी लावला होता."

बायकांनी एकमेकींकडं पाहिलं.

"लावला होता मी. साडी काढली, आणि… लावला होता ना?" ती स्वतःलाच विचारत होती. मग तिला मी दिसलो. "भाऊजी, कपाट तुम्ही उचललंत ना? वरचा खण उघडा होता का हो?"

सगळ्या बायका माझ्याकडं बघायला लागल्या. आईसुद्धा. त्या क्षणी मला एवढंच म्हणायचं होतं, 'बंद होता.' पण ते म्हटलं की पुढचा प्रश्न येणार होता: मग उघडा कुठला होता?

"लक्षात नाही, वहिनी," मी म्हणालो. "गडबडीत काही बघितलंच नाही."

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला तिनं, कारण मी तिच्याशी कधी खोटं बोललो नव्हतो. आणि त्याच वेळी तिच्या चेहऱ्यावर मी पाहिलं: तो खण तिला उघडा दिसायला लागला होता.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात आईला गाठलं. "आई, खण मी बंद केले. तू पाहिलंस."

"मी काही पाहिलेलं नाही."

"आई…"

"नरगुंद्यांकडं तुझ्या लग्नाचं बोलणं होत आलंय. ते लोक काय म्हणतील? काका होता, त्यानंच पोरीला चढायला शिकवलं?" ती माझ्या जवळ आली आणि माझा हात तिनं धरला. "सांगून मनू येणार आहे का परत? गप्प बस. मी तुझी आई आहे."

मी दादाकडं गेलो. तो गच्चीत पाण्याच्या टाकीला पाठ लावून बसला होता.

"दादा, ते खण…"

"दिसले मला. उचलतानाच दिसले."

"मग वहिनीला सांग ना. ती स्वतःला…"

"काय सांगू? तुझं नाव सांगू?" तो माझ्याकडं बघत नव्हता. "ड्रिल लावू नका म्हणून आई म्हणाली, ते सांगू? मी आठ दिवस गप्प बसलो, ते सांगू? मग आपण चौघं एका घरात राहणार कसे?"

"आणि ती?"

"ती सावरेल," दादा म्हणाला. "बायका सावरतात."

माझा जीव भांड्यात पडला. लाजेनं मान खाली गेली, दादाबद्दल किळस आली, ते सगळं नंतर. त्या क्षणी मात्र फक्त सुटलो, एवढंच वाटलं. गेल्या अकरा वर्षांत मी पुष्कळ गोष्टी विसरलो, ते बरं वाटणं विसरू शकलो नाही.

वहिनी सावरली नाही. ती दिवसातून कितीतरी वेळा बेडरूममध्ये जायची आणि वरचा खण लावून बघायची. लावलेलाच असायचा. ती उघडायची, लावायची, हातानं दाबून बघायची आणि बाहेर यायची. घासभर जेवली की उठून पुन्हा तिकडं. शेवटी आईनं दस्तगीरला बोलावून कपाट त्याला देऊन टाकलं. त्यानं ते फिरवलं, पाठीवरची पट्ट्यांची भोकं बोटानं चाचपली.

"कुनी काडल्या?"

"गौरीच्या सजावटीला," मी म्हणालो.

त्यानं चहा घेतला नाही. कपाट गाडीत घातलं आणि गेला. नंतर कधी त्यानं आमच्या घरचं काम धरलं नाही.

कपाट गेलं तरी वहिनी रिकाम्या भिंतीसमोर जाऊन उभी राहायला लागली. माघात दादा तिला माहेरी कुरुंदवाडला सोडून आला, चार दिवस हवापालट म्हणून. ते चार दिवस संपलेच नाहीत. दोन वर्षांनी कागद झाले. लोक म्हणाले, बरोबर आहे, ज्या बाईच्या हातून एवढं झालं तिच्याबरोबर त्यानं तरी संसार कसा करावा. दादानं दुसरं लग्न केलं. त्याच्या आधी माझं झालं, नरगुंद्यांकडंच, थाटामाटात. त्या लग्नात मला मिरवताना आईच्या डोळ्यांत पाणी होतं.

आई मागच्या वर्षी गेली. माझी मुलगी यंदा अडीच वर्षांची झाली. एका रविवारी सकाळी तिनं बायकोच्या टेबलाचा खालचा खण ओढला आणि त्यात पाय ठेवला. मी ओरडलो असा की पोरगी धाय मोकलून रडायला लागली. बायको म्हणाली, "अहो, एवढं काय झालं?" मी चपला घातल्या आणि एसटी स्टँडवर आलो.

कुरुंदवाडला वहिनी साड्यांना फॉल-पिको करून देते. घराच्या पडवीतच मशीन टाकलं आहे. केस निम्मे पांढरे. मला पाहून ती दचकली नाही.

"या भाऊजी," म्हणाली. "बसा."

चहा केला. आईचं शेवटचं दुखणं विचारलं. माझ्या मुलीचं नाव विचारलं आणि चांगलं आहे म्हणाली.  मग मी एका दमात सगळं सांगितलं. ती बाजारात गेली होती तेव्हा कपाट माझ्या अंगावर आलं होतं ते. दोरीचं. आणि त्या दिवशी कपाट उभं केल्यावर काय दिसलं, मी काय केलं, ते. तिला मी आयुष्यभर 'तू' म्हणत आलो होतो. त्या दिवशी तोंडातून 'तुम्ही' आलं.

"वरचा खण बंद होता, वहिनी. तुम्ही लावला होता. घट्ट लावला होता."

ती हातातल्या साडीला फॉल टाचत होती. सुई थांबली. ती रडेल, शिव्या देईल, कानाखाली मारेल, अशी सगळी तयारी करून मी गेलो होतो. एसटीत तासभर मी तेच करत होतो.

"आईंना ठाऊक होतं?" तिनं विचारलं.

"हो. ती दारातच होती."

"तेव्हापासून?"

"तेव्हापासून."

"आणि ह्यांना?" घटस्फोटाला नऊ वर्षं झाली होती, तरी ती 'ह्यांना' म्हणाली.

"कपाट उचलतानाच दिसलं त्याला."

 रस्त्यावरून कुणीतरी साडी घेऊन येत होतं, पडवीत मला पाहून परत फिरलं.

"म्हणजे मी 'लावला होता ना, लावला होता ना' म्हणून विचारत फिरायची," ती सावकाश म्हणाली, "तेव्हा मी ज्याला ज्याला विचारत होते, त्या प्रत्येकाला ठाऊक होतं."

मी मान खाली घातली.

"माझं चुकलं, वहिनी. मला…"

"थांबा." तिनं सुई साडीत खोचली, साडीची घडी घातली आणि ती मांडीवरून बाजूला ठेवली. "ह्यांचा नंबर आहे ना तुमच्याकडं?"

"आहे."

"लावा."

मी लावला. दादानं उचलला. तिनं फोन माझ्या हातातून घेतला, कानाला लावला आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा नवऱ्याशी बोलली.

"मी मंजिरी," ती म्हणाली. "खण मी लावला होता."